दुपारी वर चढणारा विमानतळ

सुरतेतील एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात ह्या सदराच्या नावे आले. त्यांचे माहेर धुळ्याकडचे. सासरचे घराणे मात्र चार पिढ्यांपासून तापीकाठी स्थायिक झालेले. त्यांच्या बहिणीचा मुलगा खानदेशातच विमान चालविण्याचे शिक्षण घेत आहे. घरच्यांनी शेताचा तुकडा गहाण टाकून त्याची फी भरली आहे, तेव्हा त्याच्या प्रत्येक तासाचा हिशेब साऱ्या गोतावळ्यात ठेवला जातो. उन्हाळा सुरू झाल्यापासून मुलाला पहाटे तेवढे आकाशात नेतात आणि ऊन तापू लागले की खाली बसवितात, हे मावशींच्या कानावर आले. त्यांनी फोनवर कारण विचारले, तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, दुपारी आमचा विमानतळ वर चढतो. नवशिक्यांना त्या वेळी सोडत नाहीत." भगिनी विचारतात : ही थट्टा समजावी काय? आणि थट्टा नसेल, तर जमिनीवरचा विमानतळ वर चढावा कसा?

थट्टा नव्हे. शिक्षकांनी जे सांगितले त्यातील अर्धे भाच्याने मावशींच्या पदरात घातले आणि अर्धे हातचे राखून ठेवले. ते राखून ठेवलेले अर्धे आज पाहू.

प्रथम इंजिनाची भूक समजून घेतली पाहिजे. इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण सहज म्हणतो. परंतु त्याच्या आहारात पेट्रोल हे तोंडी लावण्यापुरते आणि हवा हे मुख्य अन्न, अशी वस्तुस्थिती आहे. एक किलो पेट्रोल नीट जळण्यास सुमारे पंधरा किलो हवा लागते. लिटराच्या भाषेत सांगायचे, तर एका लिटर पेट्रोलच्या पाठीशी जवळजवळ नऊ हजार लिटर हवा उभी असावी लागते. हवेला वजन ते कितीसे असणार, असे कोणास वाटेल. दहा फूट लांब, तितकीच रुंद व तितकीच उंच अशी खोली घ्या. सामान काढून घेतल्यावर ती रिकामी झाली असे आपण म्हणतो, पण तिच्यात ३३ किलोंच्या आसपास हवा असतेच. एवढ्या हवेत जेमतेम तीन लिटर पेट्रोल जळेल. पेट्रोल टाकीत भरून नेता येते. हवा मात्र वाटेत मिळेल तशी आणि मिळेल तेवढीच घ्यावी लागते.

ती घेण्याची रीतही ठरलेली आहे. मोटारीत असते तसेच लहान विमानाचे इंजिन असते. सिलिंडरात पिस्टन, म्हणजे जुन्या मराठी पुस्तकांतील दट्ट्या, खाली सरकतो, पोकळी होते, त्या पोकळीत हवा व पेट्रोलचा फवारा शिरतो, दट्ट्या वर येऊन तो दाबतो, ठिणगी पडते, आणि भडक्याच्या धक्क्याने दट्ट्या पुन्हा खाली रेटला जातो. शिकाऊ वैमानिकांच्या हाती बहुधा दिले जाणारे सेसना १५२ हे विमान घ्या. त्याच्या चार सिलिंडरांत मिळून ३.८२ लिटर जागा आहे. उड्डाणाच्या वेळी असे इंजिन मिनिटाला साडेचार ते पाच हजार लिटर हवा ओढते. आता ह्यातील मर्माची गोष्ट अशी की, सिलिंडराचे माप घनफळाचे आहे आणि ज्वलनाचा हिशेब वजनाचा आहे. इंजिन हवा लिटरांनी मोजून घेते. पेट्रोलला ती किलोंनी मोजून हवी असते. सारी भानगड ह्या एका विसंगतीत आहे.

खानदेशाशी नाते असलेल्या वाचकांना कापसाचा दाखला चटकन पटेल. पिंजलेला सैल कापूस पोत्यात भरला तर पोते फुगते, पण काट्यावर टाकले की वजन भरत नाही. तोच कापूस प्रेसमध्ये दाबून गाठ बांधली की तेवढ्याच जागेत कितीतरी अधिक माल बसतो. पोते तेच, आतील माल दाट की सैल एवढाच प्रश्न. हवेच्या ह्या दाटपणाला शास्त्रात घनता म्हणतात. समुद्रकाठी पंधरा अंश तापमानाला एक घनमीटर हवा १.२२५ किलो भरते. विमानाच्या इंजिनांची जी अश्वशक्ती पुस्तकात छापलेली असते ती ह्या हवेत मोजलेली. सेसना १५२ चे ११० अश्व हे ह्या हवेतले अश्व होत. (पंधरा अंश हे प्रमाण ठरविणारे लोक थंड देशांतले, हे उघडच आहे. सुरतेत एवढा गारवा पौषातल्या पहाटेशिवाय कोठला!)

हवा सैल होण्यास दोन कारणे मुख्य. एक उंची, दुसरे ऊष्मा.

उंचीचे कारण समजण्यास घरातील गाद्यांचा ढीग पुरे. पाहुणे गेल्यावर गाद्या एकावर एक रचल्या, की सर्वांत खालची चेपून चपटी होते आणि वरची फुगलेली राहते. आपण वातावरणाच्या तळाशी, सर्वांत खालच्या गादीत राहतो. जसजसे वर जावे तसतसा वरचा भार कमी होतो व हवा सैल होत जाते. महाबळेश्वरच्या उंचीवर ती समुद्रकाठच्या मानाने सुमारे एक अष्टमांशाने विरळ झालेली असते. अठरा हजार फुटांवर वातावरणाचा दाब निम्म्यावर येतो. साधे, म्हणजे बाहेरून कसलीही मदत नसलेले पिस्टन इंजिन दर हजार फुटांमागे आपली सुमारे तीन टक्के शक्ती गमावते, असा वैमानिकांचा ठोकताळा आहे. जुन्या फियाट मोटारीने ज्यांनी सहकुटुंब घाट चढला असेल त्यांना हे पुस्तकावाचूनही ठाऊक असेल. मात्र त्या वेळी दोष बहुधा मागच्या बाकावरील मंडळींच्या वजनास दिला गेला असेल.

ऊष्म्याचे कारण अधिक सरळ आहे. तापली की हवा प्रसरण पावते, म्हणजे तेवढ्याच जागेत कमी मावते. चाळीस अंशांच्या दुपारी समुद्रकाठची हवा प्रमाण हवेपेक्षा आठ टक्क्यांनी विरळ झालेली असते. आता सुरतेचा विमानतळ पाहा. डुमसच्या रस्त्यावर, मगदल्ल्याजवळ, समुद्रसपाटीपासून तो जेमतेम पाच मीटर उंच आहे. पण चाळीस अंशांच्या दुपारी तेथील हवा जितकी विरळ होते, तितकी विरळ हवा प्रमाण परिस्थितीत ८६० मीटर उंचीवर असते. माथेरान ८०० मीटरांवर आहे. म्हणजे त्या दुपारी सुरतेची धावपट्टी, विमानाच्या दृष्टीने, माथेरानच्याही वर गेलेली असते! धुळे मुळातच समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटर उंच, आणि तेथल्या वैशाखाचे वर्णन धुळेकरांपुढे करण्याची प्राज्ञा नाही. पारा ४३ अंशांवर गेला की तेथील हवेची घनता साडेबाराशे मीटर उंचीवरच्या हवेइतकी होते. ही पाचगणीच्या जवळपासची उंची झाली. माणसे उन्हाळ्यापासून सुटका म्हणून पाचगणीस जातात. धुळ्याच्या विमानाला उन्हाळाच तेथे नेऊन बसवितो, फक्त गारवा तेवढा देत नाही.

ह्या भासमान उंचीलाच वैमानिक डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात; आपण तिला घनता-उंची म्हणू. भाच्याचा विमानतळ दुपारी वर चढतो तो ह्या अर्थाने.

पण शक्ती थोडी घटली तर एवढे काय बिघडले, अशी शंका येथे येईल, आणि ती रास्त आहे. केवळ उष्णतेने इंजिनाची शक्ती घनतेच्या संपूर्ण प्रमाणात घटत नाही. धुळ्याच्या त्या दुपारी उंची व उष्णता मिळून नुकसान सात टक्क्यांच्या आसपास होते. सात टक्के म्हणजे ११० अश्वांतले सात-आठ अश्व. मोटारीत ते कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. विमानात मात्र एकाच कारणाने तीन ठिकाणी कात्री लागते. इंजिन दुबळे होते, ही पहिली. पुढचा पंखा ज्या हवेला मागे लोटून विमानास ओढतो ती हवाच हलकी, म्हणून त्याची पकड कमी होते, ही दुसरी. आणि ज्या हवेवर दोन्ही पंख तरावयाचे ती विरळ, म्हणून विमानाला जमीन सोडण्यापूर्वी अधिक वेग गाठावा लागतो, ही तिसरी. वेग अधिक हवा आणि तो मिळविण्याची ताकद कमी, असा हा दुहेरी पेच आहे. ह्यात कपटाचा भाग असा की, वेगदर्शक काटा वैमानिकास काहीच सांगत नाही. तो काटाही हवेच्या आघातावरच चालतो; त्यामुळे नेहमीच्या वेगाचा आकडा तो नेहमीसारखाच दाखवितो, आणि खाली जमीन मात्र अधिक वेगाने मागे पळत असते.

आकड्यांतच सांगायचे तर, प्रमाण हवेत, समुद्रकाठी, भरलेले सेसना १५२ धावू लागल्यापासून पन्नास फूट उंची गाठेपर्यंत १,३४० फूट अंतर घेते. धुळ्याच्या उन्हाळी दुपारी तेच अंतर १,७०० फुटांच्या पुढे जाते. चढण्याचा वेग पुस्तकात मिनिटाला ७१५ फूट दिलेला आहे, तो सहाशेच्या खाली येतो. लांब धावपट्टी, मोकळे माळरान व अनुभवी हात असेल तर ह्यात भिण्यासारखे काही नाही. परंतु नवशिका ज्या वेळी सवयीने नाक वर उचलतो त्या वेळी विमान अजून तयार नसते. जमिनीलगत, पंखांखाली दबलेल्या हवेच्या आधाराने, ते कसेबसे सुटते; दहा-वीस फूट वर गेले की तो आधार जातो; आणि मग ना धड चढता येते, ना धड उतरण्यास पुढे धावपट्टी उरते. जगभरच्या लहान विमानांच्या अपघातांत ही कथा पुन:पुन्हा सापडते. त्यात भर म्हणजे तापलेल्या जमिनीवरून दुपारी उठणारे झोत, जे हलक्या विमानास पाळण्यासारखे झुलवितात. पहाटे हवा गार, दाट व शांत असते. तेव्हा मावशींनी खात्री बाळगावी : भाच्याचे तास वाया जात नाहीत, आणि त्याला दुपारी खाली बसविणारे लोक त्याच्या फीचे चीजच करीत आहेत.

सुरतकरांसाठी ह्या प्रकरणास आणखी एक पुरवणी आहे, ती आर्द्रतेची. पावसाळी दमट हवेला आपण जड हवा म्हणतो. अंगाला ती जड वाटते हे खरे. वजनात मात्र ती कोरड्या हवेहून हलकी असते. कारण पाण्याच्या वाफेचा रेणू वजनाने १८, तर हवेच्या रेणूंची सरासरी २९ पडते. वाफ हवेत शिरते ती जड भिडूला बाहेर काढून त्याच्या जागी बसते. आषाढात, तीस अंश तापमान आणि हवा पाण्याने भिजलेली, अशा दिवशी सुरतेच्या शंभर लिटर हवेत सुमारे साडेतीन लिटर वाफच असते. तिच्यात जाळण्यास उपयोगी असा प्राणवायू नाही. घनता ह्यामुळे एखाद-दीड टक्काच घटते, पण इंजिनाच्या तोंडचा घास त्याहून अधिक पळविला जातो. शिवाय कार्ब्युरेटर वाफेलाही हवाच समजतो आणि तिच्या वाट्याचे पेट्रोल सोडून बसतो. चुलीत ओली लाकडे सारून वर राॅकेल ओतण्याचाच हा प्रकार.

कार्ब्युरेटरची ही भाबडी समजूत उंचीवर गेल्यावर अधिक नडते. हवा सैल झाली तरी तो पेट्रोल जवळजवळ पूर्वीच्याच मापाने सोडीत राहतो. मग मिश्रणात पेट्रोल फाजील होते, इंजिन खोकू लागते, ठिणगीच्या प्लगांवर काजळी धरते. म्हणून लहान विमानात वैमानिकाच्या हाताशी एक तांबडी कळ असते. ती ओढली की पेट्रोलची धार बारीक होते. चढताना ती किती ओढावी आणि उतरताना केव्हा पुन्हा आत ढकलावी, ह्यात शिकणाऱ्याची बरीच परीक्षा असते. स्टोव्हची पिन करणारी पिढी हयात आहे तोवर ह्या कळेचे मर्म फार समजावून सांगावे लागू नये.

प्लगांवरून एक जुनी गोष्ट आठवते, ती सांगतोच. गोष्ट १९३० सालची. आगाखान ह्यांनी इंग्लंड व हिंदुस्थान ह्यांच्या दरम्यान एकट्याने उड्डाण करणाऱ्या हिंदी वैमानिकासाठी बक्षीस लावले होते. जे. आर. डी. टाटा इकडून निघाले, अ‍ॅस्पी इंजिनिअर तिकडून. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. इंजिनिअर प्लगांवाचून अडकले होते. टाटांनी आपल्याजवळचे प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. शर्यत इंजिनिअर जिंकले. पुढे १९६० मध्ये ते भारताचे हवाईदलप्रमुख झाले.

ह्याच टाटांच्या एका उड्डाणाचा सुरतेशी धागा जुळतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन पस मॉथ जातीचे एक इंजिनी विमान उचलले, अहमदाबादेस उतरून पेट्रोल घेतले आणि जुहू गाठले. टाटांच्या हवाई टपालसेवेची ती सुरुवात. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते, हे बहुतेकांनी वाचले असेल. नकाशा उघडून अहमदाबाद व जुहू ह्यांना जोडणारी सरळ रेघ ओढून पाहा. ती सुरतेच्या डुमस-मगदल्ल्याच्या अंगावरून, म्हणजे आजच्या विमानतळाच्या जवळूनच जाते. पस मॉथचे इंजिन सुमारे १२० अश्वशक्तीचे, साधे, हवेने थंड होणारे. आजच्या शिकाऊ विमानाहून ते फार बलवान नव्हते, आणि ऑक्टोबरच्या उन्हाचा गुजरातेतील इंगा आपणास ठाऊक आहे. जुहूहून पुढची टपालफेरी नेव्हिल व्हिन्सेंट ह्यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेली, म्हणजे सह्याद्री ओलांडून, दख्खनच्या पठारावरून.

पावसाळ्यात तर खरी कसोटी लागे. जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, त्यामुळे विमाने, वैमानिक व कारागीर असा सारा संसार पुण्यास, येरवड्याच्या मैदानावर हलवावा लागे. पुणे ५६० मीटरांवर. त्यात पावसाळी ऊबदार दमट हवा धरली की घनतेच्या हिशेबाने ती उंची बाराशे मीटरांच्या घरात जाते. त्या काळी रेडिओ नाही, पक्की धावपट्टी नाही, चिखलात रुतणारी चाके; आणि इंजिनाचे अश्व पुस्तकात छापल्याहून कमी. तरीही टपाल वेळेवर पोहोचविण्यात ह्या लहानशा चमूने नाव मिळविले. कर्तृत्वाचा हा भाग चरित्रग्रंथांत येतो. त्या मागची विरळ हवा मात्र क्वचितच येते.

हवा सैलच मिळणार असेल, तर ती आपणच दाबून का घेऊ नये, हा विचार इंजिनिअरांना पहिल्या महायुद्धातच सुचला होता. कापसाच्या प्रेसचीच ही युक्ती. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस ह्या अमेरिकन इंजिनिअराने एक विमानी इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतील पाइक्स पीक नावाच्या चौदा हजार फुटी पर्वतावर नेले. इंजिनातून फुकट जाणाऱ्या धुराच्या झोतावर त्याने एक चक्र फिरविले आणि त्या चक्राने हवा दाबून सिलिंडरात भरली. समुद्रसपाटीला मिळावी तेवढी शक्ती इंजिनाने शिखरावरही दिली. धुरावर चालतो तो टर्बोचार्जर; इंजिनाच्याच दंतचक्रांवर चालविला तर त्याला सुपरचार्जर म्हणतात. ३ एप्रिल १९३३ रोजी बिहारातील पूर्णियाजवळून उडालेल्या दोन ब्रिटिश विमानांनी एव्हरेस्टचे शिखर प्रथमच ओलांडले, ते अशा सुपरचार्जर बसविलेल्या ब्रिस्टल पेगॅसस इंजिनांच्या जोरावर. साध्या इंजिनाला तेवढ्या उंचीवर स्वतःचे वजनही पेलले नसते.

डाकोटा हे नाव आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून आहे. तिची दोन्ही इंजिने चौदा-चौदा सिलिंडरांची, प्रत्येकी १,२०० अश्वशक्तीची आणि सुपरचार्जर लावलेली. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी गुजरात सरकारने सुरतेस विमानतळ बांधला, तेव्हा सफारी एअरवेज ह्या कंपनीने डाकोटा विमानांनीच सुरतेहून मुंबई व भावनगर अशी सेवा चालविली होती. ती थोड्याच काळात बंद पडली. सुरत ते भावनगर हे खंबायतच्या आखातावरून चिमणीच्या झेपेइतके अंतर. डाकोटाच्या सुपरचार्जरला तेथे हातपाय पसरावयास जागाच नव्हती.

तिची खरी कसोटी उत्तरेत लागली होती. १९४८ च्या मे महिन्यात लेहवर शत्रू चालून येत होता आणि वाटेतील खिंडी बंद होत्या. सोनम नोरबू ह्या लडाखी इंजिनिअरांनी स्थानिक लोकांच्या मदतीने सिंधूकाठच्या वाळवंटी पठारावर धावपट्टी तयार केली. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग ह्यांनी पहिली डाकोटा तेथे उतरविली. त्यांच्यासोबत मेजर जनरल थिमय्या होते. लेहचा विमानतळ दहा हजार सहाशे फुटांहून उंच. डाकोटाचा सुपरचार्जर साडेसात हजार फुटांच्या आसपासपर्यंत इंजिनाचा जोर टिकवून धरीत असे. तेथून वर त्याचीही दमछाक सुरू होई. लेहच्या प्रमाण हवेची घनता समुद्रकाठच्या मानाने २८ टक्क्यांनी कमी. म्हणजे वेगदर्शक काटा ताशी ८० मैल दाखवीत असताना विमान प्रत्यक्षात ९४ मैलांनी जमिनीकडे येत असते, आणि ती जमीन म्हणजे नुकतीच सपाट केलेली वाळू. डाकोटाची केबिन हवाबंद नसे, त्यामुळे हिमशिखरे ओलांडताना आतल्या माणसांची छातीही इंजिनाइतकीच भरून येत असली पाहिजे. उतरण्यापेक्षा परत उडणे कठीण. वजन कमी, इंजिने चालूच, आणि शक्य तो सकाळचा गारवा, अशी ती सारी काटकसर होती. लेहला आजही प्रवासी विमाने मुख्यतः सकाळीच ये-जा करतात. त्यांना आता झोतयंत्रे आहेत, पण हवेचे देणे त्यांनाही चुकलेले नाही.

टाटांनी आपले पहिले उड्डाण पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी पुन्हा करून दाखविले. विमान लेपर्ड मॉथ, म्हणजे पस मॉथचेच भावंड. त्यांनी विमानविद्या १९२९ साली ज्या मुंबईच्या फ्लाइंग क्लबात संपादन केली, त्या क्लबचे शिक्षणकेंद्र पुढे धुळ्यास आले. तेथेच नव्हे, तर शेजारी शिरपुरातही आता मुले-मुली पहाटेच्या गार हवेत उडताना दिसतात. ह्याच क्लबच्या विद्यार्थिनी आरोही पंडित ह्यांनी २०१९ मध्ये अत्यंत हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक महासागर ओलांडला आणि १५ ऑक्टोबर २०२१ रोजी टाटांच्या वाटेने उड्डाण केले. कराची आता परदेशात, म्हणून त्या भुजहून निघाल्या; अहमदाबादेस थांबल्या; आणि दिशादर्शक उपग्रहांची किंवा स्वयंचालकाची मदत न घेता, किनाऱ्याच्या अंगाने जुहूवर उतरल्या. त्यांच्या विमानाचे रोटॅक्स इंजिन पस मॉथच्या इंजिनाहून कितीतरी लहान. हवा सैल झाली की त्याचे कार्ब्युरेटर पेट्रोलची धार आपली आपणच आखडती घेतात, त्यामुळे त्या तांबड्या कळीकडे हात नेण्याचे काम वैमानिकास उरत नाही. धावपट्टीची लांबी आणि सकाळचे तापमान मात्र निघण्यापूर्वी त्यांनाही पाहावे लागलेच असेल.